उतारशाळेचे दार : अत्याचारपीडितांस रुग्णालयांनी दिलेल्या आधाराचा इतिहास

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आम्हांकडे एक ऐतिहासिक निबंध मागितला. मिशनची उभारणी कशी झाली, पहिले बाप्तिस्मे कोणाचे झाले, घंटा कोठून आली, हे आम्ही लिहावे अशी अनेकांची अपेक्षा असेल. त्या गोष्टी इतर लेखकांनी आमच्याहून अधिक प्रेमाने लिहिल्या आहेत. आम्ही बुद्ध्या दुसरा विषय घेतला आहे. आनंदाच्या प्रसंगी तो काहींस अनुचित वाटेल. परंतु ज्युबिली हा जसा उपकारस्मरणाचा काळ, तसाच तो ऋणे तपासण्याचाही काळ होय, आणि ज्या ऋणाविषयी आम्ही लिहीत आहो त्यातील काही भाग आमच्या स्वतःच्या खाती आहे.

यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटसरूचा दृष्टांत आपणांस बालपणापासून पाठ आहे. चोरांनी त्यास लुटले, मारले व अर्धमेला टाकून दिले. एक याजक आला, त्यास पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला; एक लेवीही तसाच गेला. शेवटी शोमरोनी आला, त्याने जखमा बांधल्या व त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. प्रवचनात आपण नेहमी येथवर येऊन थांबतो. परंतु उतारशाळेच्या रक्षकाचे काय? दोन नाणी हाती घेऊन, तुझा खर्च अधिक झाला तर परत येताना देईन एवढ्या वचनावर, त्याने एका अनोळखी जखमी माणसास घरात ठेवून घेतले. तो दृष्टांतात एक शब्दही बोलत नाही; तथापि त्याने दार लावून घेतले असते तर शोमरोन्याची सारी दया रस्त्यावरच संपली असती.

रुग्णालय ही त्या उतारशाळेची वारस आहे. ज्यांस घरातल्याच माणसांनी अथवा गावातल्या बलवंतांनी जखमी केले, अशा स्त्रियांस व मुलांस या उतारशाळेने कसे वागविले, दार केव्हा उघडले, केव्हा अर्धेच उघडले, हा आजच्या निबंधाचा विषय होय.

रोमची फाबिओला

आरंभ आपल्या पवित्र सभेच्याच इतिहासापासून करू. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोम नगरीत फाबिओला नावाची एक थोर कुळातील स्त्री होती. तिचा पती इतका दुराचारी होता की, संत जेरोम यांसारख्या कठोर लेखणीच्या पुरुषानेही तिने त्यास सोडले याबद्दल तिला दोष देण्याचे नाकारले. तिने रोमन कायद्याने फारकत घेतली व पुढे दुसरा विवाह केला. तो दुसरा पती वारल्यावर तिने सर्वांसमक्ष प्रायश्चित्त केले, आपली मालमत्ता विकली आणि इ. स. ३९० च्या सुमारास रोममध्ये आजाऱ्यांसाठी रुग्णालय काढले. पश्चिमेकडील ख्रिस्ती जगातील पहिले रुग्णालय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ज्यांच्या जखमांकडे इतरांस पाहवत नसे अशांस ती स्वहस्ते धुऊन पुशीत असे. इ. स. ३९९ मध्ये ती निवर्तल्यावर जेरोम यांनी एका पत्रात तिचे चरित्र लिहिले आणि त्यामुळेच ते आपणांस ठाऊक आहे.

या कथेतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. रोमचे रुग्णालय ज्या स्त्रीने काढले, ती स्वतः दुःखी संसारातून बाहेर पडलेली होती. आजाऱ्याची शुश्रूषा आणि छळलेल्या स्त्रीचा आसरा या दोन गोष्टी आपल्या परंपरेत प्रथमपासून एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या. मधल्या शतकांत त्या दूर गेल्या.

आपल्या देशी

महाराष्ट्रात या कार्याचा पाया घालणारे घर पुण्यात होते. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी उच्चवर्णीय विधवेस पुनर्विवाह नव्हता. मात्र तिच्या असहायतेचा फायदा घेणारे पुरुष पुष्कळ होते, आणि अनेकदा ते घरातलेच असत. गर्भ राहिला की पाप तिचे, लाज तिची व शिक्षाही तिचीच. फुले पतिपत्नींनी अशा स्त्रियांस कळविले की, येथे गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला; तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यासाठी रोगी आणता आणता स्वतः त्या रोगाने मरण पावल्या. आसऱ्यात जन्मलेल्या मुलाच्या हातून दवाखाना निघावा, हा योग आम्हांस नेहमी विचार करावयास लावतो.

दुसरा टप्पा मुंबईचा. १८८६ साली स्त्रिया व मुले यांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले व त्याची धुरा डॉ. एडिथ पीची या इंग्रज स्त्री-वैद्याकडे आली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने, मोठी झाल्यावर, संमतीवाचून झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने, नवऱ्याकडे जावे नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा निवाडा दिला. तिने तुरुंग पत्करला. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, आणि डॉ. पीची यांच्या साहाय्याने ती लंडनला वैद्यक शिकावयास गेली. १८९४ साली परीक्षा उत्तीर्ण होऊन ती परतली व सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत तिने आयुष्य घालविले.

या दोन प्रसंगांच्या मध्ये एक घटना घडली, जी आमच्या मते या सर्व इतिहासाचे बीज होय. १८९० साली कलकत्त्यास दहा-अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली. त्या वेळी डॉ. मोनेल मॅन्सेल यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. अर्जात मते थोडी व दाखले फार होते. आपल्या रुग्णालयांत आणलेल्या बालवधूंची अवस्था काय होती, कोणाचे कोणते अवयव निकामी झाले, कोण दगावली, हे त्यांनी एकेक करून लिहिले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन वय १० वरून १२ वर आले. वाद शास्त्रीपंडित व वृत्तपत्रकार यांच्यात रंगला होता. पण खाटेशेजारी उभे राहून जे पाहिले ते लिहून ठेवण्याचे काम डॉक्टरणींनी केले.

कागदाची साक्ष

रुग्णालयात लिहिलेला कागद पीडितेच्या बाजूने बोलू शकतो, हे १८९० साली दिसले. तोच कागद तिच्याविरुद्धही बोलू शकतो, हे कळण्यास पुढे ऐंशीहून अधिक वर्षे गेली.

१९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हा चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. वैद्यकीय तपासणीत तिच्या अंगावर ताज्या जखमा आढळल्या नाहीत, आणि तिचा पूर्वी पुरुषसंबंध आला होता अशी नोंद झाली. नागपूर खंडपीठाने पोलिसांस दोषी ठरविले होते. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखम नाही म्हणजे प्रतिकार नाही आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती होती, अशा मार्गाने जाऊन त्यांस सोडून दिले. पोलीस ठाण्यात, रात्री, दार लावलेल्या खोलीत एक गरीब आदिवासी पोर कितीसा प्रतिकार करू शकली असती, हा प्रश्न न्यायालयास पडला नाही. तो १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहून विचारला. त्यातून देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या व १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे असे ठरले. आणि सासरच्या छळासाठी भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले.

आपल्या धर्मग्रामातील बहुसंख्य कुटुंबे कोकणा व भिल्ल समाजांतील आहेत. देसाईगंजची ती मुलगी आपल्याच पाड्यांवरील मुलींसारखी होती, हे आपण विसरू नये.

परदेशातील प्रयत्न

त्याच १९७२ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका-प्राध्यापिका व लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, या दोघींनी एक साधा क्रम आरंभिला. दोघी बोस्टन कॉलेज या येशूसंघीय विद्यापीठात शिकवीत. शहरच्या सार्वजनिक रुग्णालयास त्यांनी सांगून ठेवले की, बलात्कारपीडित स्त्री आली की आम्हांस फोन करा, वेळ कोणतीही असो. वर्षभरात त्या १४६ जणांस अशा रीतीने भेटल्या व पुढेही त्यांची विचारपूस करीत राहिल्या. अंगावरच्या जखमा भरल्यावरही झोप न येणे, अन्न न जाणे, एकटेपणाची वा गर्दीची भीती वाटणे, घर बदलावेसे वाटणे, ही लक्षणे पुन्हा पुन्हा दिसतात, असे त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. ज्यास लोक नखरे अथवा वेड म्हणत, ते आघाताचे स्वाभाविक फळ आहे हे तेव्हापासून वैद्यकास मान्य होऊ लागले.

१९८४ साली शेजारच्या केंब्रिज शहरातील रुग्णालयात मेरी हार्वी व ज्यूडिथ हर्मन यांनी हिंसापीडितांसाठी स्वतंत्र विभाग काढला. तेथील अनुभवावरून डॉ. हर्मन यांनी १९९२ साली ग्रंथ लिहिला व बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : प्रथम सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. पहिली पायरी चढल्यावाचून दुसरीवर पाय ठेवता येत नाही. धर्मगुरूंनी हा क्रम ध्यानी ठेवण्याजोगा आहे. कारण आम्ही बहुधा तिसऱ्या पायरीपासून, म्हणजे समेट व क्षमा यांपासून, आरंभ करतो.

आशियात १९९४ साली मलेशियातील क्वालालंपूर रुग्णालयाने, पीडितेस डॉक्टर, पोलीस व समुपदेशक एकाच ठिकाणी भेटावेत अशी सोय केली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत तीच कथा पुन्हा पुन्हा सांगण्याचा छळ त्यामुळे कमी झाला.

वांद्र्याचा 'दिलासा'

माउंट मेरीच्या जत्रेस आपल्यापैकी अनेक जण वांद्र्यास जाऊन आले आहेत. तेथेच महानगरपालिकेचे भाभा रुग्णालय आहे. २००० साली 'सेहत' ही संशोधन संस्था व बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी मिळून त्या रुग्णालयात 'दिलासा' नावाचे केंद्र उघडले. सरकारी अथवा पालिकेच्या रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालणारे असे केंद्र हिंदुस्थानात हे पहिले. पोलिसांच्या बाजूने असा प्रयत्न त्यापूर्वी झाला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांसाठी विशेष कक्ष काढला होता. परंतु पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य किती जणींस होते? दवाखान्यात मात्र स्त्री कधीतरी येतेच. ताप आला म्हणून येते, बाळंतपणास येते, मुलास घेऊन येते, हात मोडला म्हणून येते. तेथे जाण्यास सासूची व नवऱ्याची हरकत नसते. 'दिलासा'ची सारी कल्पना या एका निरीक्षणावर उभी आहे.

काम कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो. प्रथम रुग्णालयातील माणसेच शिकविली गेली. डॉक्टर, परिचारिका व आयाबाई, सर्वांस प्रशिक्षण देण्यात आले. कोणत्या खुणा दिसल्या असता सावध व्हावे, हे त्यांस सांगण्यात आले : जिन्यावरून पडले असे सांगणारी परंतु जखम भलत्याच ठिकाणी असलेली स्त्री, वारंवार गर्भपात झालेली, कारण न सापडणारी डोकेदुखी व अंगदुखी घेऊन फेऱ्या घालणारी, भाजलेली, विष घेतलेली. अशा स्त्रीस नातेवाइकांपासून बाजूस घेऊन, एकांतात, हळू आवाजात विचारावयाचे : घरी कोणी त्रास देते काय? ती नाही म्हणाली तर सक्ती करावयाची नाही. दार उघडे आहे एवढे सांगावयाचे. होय म्हणाली तर तिच्याबरोबर 'दिलासा'च्या खोलीपर्यंत चालत जावयाचे.

त्या खोलीत समुपदेशक तिचे ऐकून घेते. तुझे काय चुकले, असा प्रश्न तेथे नसतो. मारहाण ही मारणाऱ्याची जबाबदारी, हे तिला प्रथम सांगितले जाते. पुष्कळ स्त्रियांनी हे वाक्य आयुष्यात कधीच ऐकलेले नसते. मग तिच्या जिवास किती धोका आहे याचा अंदाज घेतात व ती आज घरी जाणार असेल तर काय करावे याची योजना तिच्याशी बोलून ठरवितात : कागदपत्रे व थोडे पैसे कोठे ठेवावे, कोणत्या शेजारणीस सांगून ठेवावे, मारहाण सुरू झाली तर कोणत्या दाराने निघावे. घरी जाणे धोक्याचे असेल तर रुग्णालयातच एक-दोन दिवस देखरेखीखाली ठेवून घेण्याची, म्हणजे अक्षरशः उतारशाळेची, सोय आहे. पोलिसांत तक्रार, वकिलाचा सल्ला, आश्रयगृह यांचा मार्ग दाखविला जातो. निर्णय मात्र तिचा असतो. आणि केसपेपरवर जे घडले ते, कोणी मारले त्याच्या उल्लेखासह, लिहिले जाते. तो कागद वर्षांनंतरही न्यायालयात तिच्या उपयोगी पडतो. १८९० च्या डॉक्टरणींची लेखणी अशी पुन्हा हाती घेण्यात आली.

पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र निघाले, आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाखाली मुंबईच्या ११ रुग्णालयांत हे काम पसरले. संस्थेने लावलेले रोप पालिकेने आपल्या अंगणात घेतले, हे या प्रयोगाचे मोठे यश होय.

कायद्याने काय दिले

या शतकात कायदाही पुढे सरकला. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांस संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, पैसे न देणे, घराबाहेर काढणे हीही हिंसा मानली आहे आणि पीडितेस उपचार देणे हे दवाखान्याचे कर्तव्य ठरविले आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयीचा कायदा २०१२ साली झाला. त्यान्वये असा गुन्हा कळला असता तो पोलिसांस कळविणे प्रत्येकावर, आम्हा धर्मगुरूंवरही, बंधनकारक आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील अमानुष घटनेनंतर २०१३ साली असे ठरले की, बलात्कारपीडितेस सरकारी वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य व तत्काळ उपचार दिलेच पाहिजेत. न देणे हा गुन्हा होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही हे कर्तव्य कायम आहे.

तपासणीची रीतही बदलली. स्त्रीच्या पूर्वचारित्र्याविषयी अनुमान काढणारी जी अपमानकारक 'दोन बोटांची' तपासणी देसाईगंजच्या काळापासून व त्याही पूर्वीपासून चालत आली होती, तिच्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर हे एक होत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती वर्ज्य केली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' नावाची केंद्रे निघू लागली. ती रुग्णालयाच्या आवारात अथवा जवळपास असावीत आणि तेथे उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन व काही दिवसांचा निवारा एकत्र मिळावा, अशी योजना आहे. १८१ हा स्त्रियांसाठी, १०९८ हा मुलांसाठी व ११२ हा कोणत्याही संकटासाठी फोन आहे. हे तीन आकडे प्रत्येक घराच्या भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लिहून ठेवले तरी त्या तसबिरीचा अपमान होणार नाही.

तथापि दार बांधणे एक आणि त्या दारापर्यंत पोहोचणे दुसरे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २९ जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी शेकडा १४ जणींनीच कोणाकडे तरी मदत मागितली होती.

कळवण, आणि आमचे ऋण

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. सप्तशृंगीच्या डोंगरांपासून गिरणेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या या मुलखात पाडे दूरदूर आहेत. पश्चिमेकडील कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. खाली कांद्याचे शेत आहे, आणि कांद्याच्या शेताबरोबर घराघरात फवारणीच्या औषधाची बाटली आहे. आपल्याकडे विष घेतले असे कोणी म्हणत नाही. 'औषध घेतले' म्हणतात. त्या एका शब्दात किती संसारांची कथा गाडलेली असते!

काही वर्षांपूर्वी अशीच एक तरुण स्त्री सायंकाळी जीपमधून आमच्या मिशनच्या दारी आणण्यात आली. ती कोठली हे आम्ही सांगत नाही, खुणा बदलल्या आहेत, आणि हे लिहिण्यास तिची अनुमती आहे. आम्ही तिला एका रुग्णालयात नेले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथल्या लोकांनी रात्र जागवून तिचा जीव वाचविला, आणि त्यांचे उपकार आम्ही मानतो. कागदावर 'चुकून' असे लिहिले गेले. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा दाराशी उभा होता. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिला सहनशीलतेविषयी चार शब्द सांगितले, विवाहाच्या वचनांची आठवण दिली, नवऱ्यास थोडे रागावलो आणि दोघांस एकत्र घरी पाठविले. आपण एक संसार वाचविला अशा समाधानाने आम्ही परतलो.

सहा महिन्यांनी ती मोडलेला हात घेऊन आली. या वेळी तिची आई बरोबर होती. आमच्या सल्ल्याची वाट न पाहता आईने तिला माहेरी नेले. आज ती तेथे आपल्या मुलासह राहते व स्वतःच्या कष्टाने जगते. फार दिवसांनी ती आम्हांस म्हणाली, "फादर, दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, काय प्यायलीस, किती प्यायलीस. का प्यायलीस, ते कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही."

आम्ही उत्तर दिले नाही, उत्तर नव्हतेच. दृष्टांतातील याजकावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील! तो निदान दुसऱ्या बाजूने निघून तरी गेला. आम्ही जखमी माणसास उचलून पुन्हा चोरांच्या वाटेवर नेऊन ठेवले.

याहून लाजेची गोष्ट ही की, आम्ही अज्ञानी नव्हतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ११५३ वा नियम आम्ही सेमिनरीत शिकलो आहो. पती अथवा पत्नी जोडीदाराच्या वा मुलांच्या शरीरास अथवा मनास गंभीर धोका निर्माण करील, तर विभक्त राहण्यास ते रास्त कारण होय. आणि विलंबात धोका असेल तर बिशपांच्या निर्णयाची वाट न पाहताही निघून जाता येते, असे तो सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबविषयक पत्रात तेच पुन्हा सांगितले. दुर्बळ जोडीदारास व मुलांस हिंसेपासून वाचविण्यासाठी कधी कधी विभक्त होणे नीतीच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते, असा त्याचा आशय आहे. पवित्र विवाहसंस्काराने कोणासही मार खाण्याचे बंधन घातलेले नाही. हे आम्हांस माहीत होते व आम्ही सांगितले नाही.

पवित्र सभेच्या आतही अशी मौने पाळली गेली, आणि त्यांची किंमत मुलांनी दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली जागतिक पातळीवर नियम करून, अत्याचार कळला असता तो वरिष्ठांस कळविणे प्रत्येक धर्मगुरू व धर्मभगिनीस बंधनकारक केले. देशाचा कायदा त्याहून आधीचा आहे. ज्या घरात उपदेश होतो त्याच घरात हिशोब प्रथम मागितला जावा, हे योग्यच होय.

यापुढे

आपल्या गावी वांद्र्यासारखे केंद्र आज नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, तेथे परिचारिका आहेत, आशाताई आहेत. त्यांपैकी काही जणी आपल्याच बाकांवर बसून मिस्सा ऐकतात. 'दिलासा'चा आरंभ इमारतीपासून झाला नाही. कोणी दुखावले काय, हा प्रश्न विचारण्यास माणसे शिकली तेथून झाला. तो प्रश्न आपल्या महिला मंडळास, धर्मशिक्षकांस व आम्हांसही शिकता येईल. कोणी औषध घेतले असता केसपेपरवर 'चुकून' लिहावे असा आग्रह आपण धरू नये. पोलिसांची भीती वाटत असेल तर हे जाणावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे. त्यास शिक्षा होऊ नये व उपचार मिळावेत, असा त्याचा हेतू आहे.

मिशनमध्ये विवाहपूर्व तयारीस येणाऱ्या जोडप्यांस यापुढे आम्ही वर सांगितलेला नियम स्पष्ट शब्दांत सांगणार आहो. आमच्याकडे समेटासाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीशी प्रथम एकटीशी, एका धर्मभगिनीच्या उपस्थितीत, बोलल्यावाचून तिला कोणाबरोबरही घरी पाठविणार नाही. आणि जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत जाण्यास गाडीभाडे नाही म्हणून कोणी अडू नये, यासाठी ज्युबिलीच्या दानातील काही भाग वेगळा ठेवावा, अशी विनंती आम्ही धर्मग्राम समितीस केली आहे. शोमरोन्याने दोन नाणी ठेवली होती. आपलीही तेवढी तरी ठेवलेली असावीत.

फाबिओलेचे रुग्णालय आज उरलेले नाही. पुण्याचे ते घर, कलकत्त्याची ती मुलगी, देसाईगंजची ती रात्र, हे सर्व काळाच्या उदरात गेले. परंतु आज सायंकाळीही आपल्या तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून एखादी जीप निघेल. तिच्यात कोणी निजलेले असेल, आणि शेजारी तिची आई बसलेली असेल. ती गाडी आपल्या दारी थांबली, तर आपण काय विचारणार, हे आपण आजच ठरवून ठेवू या.